पाठराखण

धनुष्याला पोट असतं आणि पाठ असते.
पोट आपल्याकडे, पाठ सावजाकडे.
हे प्रोकोपीनं पहिल्याच दिवशी सांगितलं,
वर म्हणाला, माणसांत उलटं चालतं.

माझ्या सासऱ्यांचा धाकटा भाऊ.
वाख नदीच्या या काठावर
धनुष्य करणारा तोच उरलेला,
आणि गेल्या हिवाळ्यापासून त्याचे डोळे ताकासारखे.
म्हणून दलदलीच्या कडेनं आम्ही दोघं निघालो:
डोळे माझे, बोटं त्याची.

सरळ पाइन नको, म्हणाला.
सरळ झाडानं काय सोसलंय?
असा बघ, जो पोरवयातच चिखलात कलला
आणि आडवा मात्र झाला नाही.
त्याच्या खालच्या अंगाला लाकूड लाल असतं,
जड, राळेनं भरलेलं.
वर्षानुवर्षं स्वतःचंच ओझं पेलून
घट्ट झालेलं.
ते पोटाला. दाबलं जाणं त्याला नवं नाही.

चौदा झाडं दाखवली मी.
एकात गाठ, मुठीएवढी.
एक सालीखाली पिळवटलेलं, ओल्या धुण्यासारखं.
एक अगदी हवं तसं होतं,
पण त्याच्या फांदीला कुणी कापड बांधलेलं,
आम्ही वाकून पुढे गेलो.
पंधराव्याला त्यानं कुऱ्हाडीनं चीर दिली,
ढलपी जिभेवर ठेवली,
आणि इतका वेळ गप्प राहिला
की माझ्या बुटांत पाणी शिरलं.
मग थुंकून म्हणाला, हा.

पाठीचं निराळं.
पाठ ताणली जाते, आणि ताण बोलून दाखवत नाही,
एकदम तुटतो.
तिला बर्च हवा, थोरल्या झाडांच्या सावलीत
सावकाश वाढलेला,
ज्यानं आपली वर्षं बारीक अक्षरात लिहिली.

येगोर सुट्टीवर आला, तेलाच्या विहिरीवरून.
माझा मुलगा. पिशवीत फायबरग्लासची पट्टी.
पाइपांना लावतात, म्हणाला, बापजन्मात तुटायची नाही.
प्रोकोपीनं पट्टी वाकवली,
नाकाशी नेली, कानाशी नेली.
खरंय, तुटायची नाही.
पाठ इतकी बळकट झाली की पोट चिरडतं.
अशी घरं पाहिलीत मी.

कुणाचं घर, मी विचारलं नाही.
चुलीत लाकूड सारलं.

मग एल्कच्या स्नायूंचं निघालं. वाळवून, कुटून,
केसासारखे विंचरून पाठीवर थापलेले स्नायू:
त्याच्या आजोबांच्या गोष्टीतलं धनुष्य तसं होतं.
पण स्नायू धुकं पितात, तो म्हणाला,
आणि आपल्याकडे धुक्याशिवाय आहे काय?
शेवटी बर्चच.

पर्चची कातडी मी तीन दिवस साठवली,
मंद आचेवर विरघळवली.
उकळी आली की सरस मेला, हे तो
दर घटकेला ओरडून सांगत होता,
जणू मी आयुष्यात कधी काही
उकळीच्या अलीकडे थांबवलंच नव्हतं.
लाल पोटावर पांढरी पाठ बसवली,
दोरीनं आवळली, छताशी टांगली.
रात्री तो उठायचा. अंधार त्याला सारखाच.
बोट फिरवायचा सांध्यावरून,
तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावं तसं.

मी आगान नदीवरून या घरात आले
तेव्हा पाठराखीण म्हणून कुणी आलं नव्हतं.
एक शिलाई मशीन तेवढं होतं.

पट्टी वाया गेली नाही.
होडीला भोक होतं.

बाराव्या दिवशी बर्चची साल गुंडाळली, दोरी चढवली.
ओढ, तो म्हणाला, आणि कान लाकडाला लावला.
अर्ध्यावर आले असेन, कुठेतरी कुरकुरलं.
मी थिजले. सरस सुटतोय? की पाठ?
तो ऐकत राहिला, डोळे मिटून, जणू मिटण्यानं काही फरक पडत होता.
तू, म्हणाला.
खांदा सैल सोड.